अजून बंद पडतोय

मुलीने पाठवलेला बेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ काटछाट करून बारा मिनिटांवर आणला, शेवटचं बटण दाबलं आणि काटेमास्तर चहा ठेवायला उठले. कप घेऊन परत आले तेव्हा हिरवी पट्टी निम्म्यावर होती. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच पडदा निळाशार झाला, त्यावर दिलगिरीची एक ओळ आली, आणि कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन आपणहूनच पुन्हा चालू झाला. बारा मिनिटांची फिल्म गेली ती गेलीच.

मास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, वही पुढे ओढली आणि लिहिलं : मंगळवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. अठ्ठेचाळीस टक्क्यांवर.

नोंद करायची सवय नोकरीतली. पस्तीस वर्षं त्यांनी वजनकाटे तपासले होते. सोनाराच्या काचेच्या पेटीतल्या नाजूक तराजूपासून ते ज्यावर भरलेला ट्रक उभा राहतो त्या काट्यापर्यंत. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, वजन ठेवायचं, काटा काय म्हणतो ते लिहायचं. म्हणून बाजारात त्यांचं नाव काटेमास्तर पडलं, आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते नाव काही निवृत्त झालं नाही.

कॉम्प्युटर मुलीचा होता. कॉलेजात असताना तिने सुटे भाग जमवून तो जेवणाच्या टेबलावर बांधला होता. लहानपणापासून सापडेल तो स्क्रू उचलून डब्यात साठवायची, म्हणून घरात तिचं नाव खारू. नुसता बांधून तिचं समाधान झालं नाही. कारखान्यातून ज्या वेगाला प्रोसेसर येतो त्याच्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवता येतं म्हणे, त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. वेगाच्या सदतीस आकड्यावर चालणारा प्रोसेसर तिने महिनाभर खटपट करून सत्तेचाळीसवर नेला. ज्या दिवशी तो तिथे दिवसभर न अडखळता चालला, त्या दिवशी तिने आईला उचलून गरागरा फिरवलं होतं. आई ओरडत होती, "अगं ठेव मला, कंबर जाईल माझी!"

आई जाऊन आता आठ वर्षं झाली. खारू समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्या दुरुस्त करायच्या नोकरीवर दूरदेशी गेली, त्यालाही दोन वर्षं झाली. आठवडेच्या आठवडे ती बोटीवर असायची. हेल्मेटला लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यातून तिने काढलेले व्हिडिओ ती बापाला पाठवायची, कधी चाळीस मिनिटांचे, कधी तासाचे. मास्तर त्यातला नको तो भाग कापून छोट्या फिल्म करायचे. हे काम त्यांनी आपणहूनच अंगावर घेतलं होतं, तिने सांगितलेलं नव्हतं. व्हिडिओत तिचे हातमोजे दिसायचे, पाना फिरवणारी मनगटं दिसायची, आणि शिडी चढताना तिचा श्वास ऐकू यायचा. तो श्वास मास्तर कधीच कापत नसत.

दर रविवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा. तिकडे तेव्हा जेवणाची सुट्टी असे.

"जेवलात का? गोळी घेतलीत?"

"घेतली. तू जेवलीस?"

"जेवतेय. थंडी आहे जरा."

"जपून."

"हो. ठेवू?"

चार मिनिटं. मास्तरांनी कधी घड्याळ लावून पाहिलं नव्हतं, पण चारच्या वर जात नाही हे त्यांना ठाऊक होतं. फोन ठेवला की सांगायच्या राहिलेल्या गोष्टी एकेक करून आठवायच्या. पुढच्या रविवारी त्यातली एकही सांगावीशी वाटायची नाही.

बुधवारी कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, एकदा एकतीस टक्क्यांवर आणि एकदा साठवर. मास्तरांनी तो चादरीत गुंडाळून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार कपाळावर चष्मा चढवलेला चाळिशीचा गृहस्थ होता, त्याने पाच मिनिटं खटखट केली आणि हसला.

"काका, याला फारच पळवलंय कोणीतरी. रीसेट मारतो, कारखान्यातून आला तसा होईल. पडायचा नाही परत."

"नको."

"या वयात कशाला एवढी पळापळ?"

"माझ्या की त्याच्या?"

"दोघांच्याही," दुकानदार म्हणाला.

मास्तरांनी चादर पुन्हा गुंडाळली आणि कॉम्प्युटर घरी आणला. रीसेट म्हणजे खारूने महिनाभर बसून लावलेला एकेक आकडा पुसून टाकायचा. तिच्या खोलीतलं कपाट रिकामं होतं, भिंतीवरची चित्रं ती घेऊन गेली होती. तिच्या हातचं म्हणावं असं त्या घरात जे थोडं उरलं होतं, त्यात हे आकडे होते. ते पुसायला मास्तरांचं मन धजेना.

रविवारी गोळीची चौकशी झाल्यावर ते म्हणाले, "तुझा कॉम्प्युटर बंद पडतोय."

"बंद म्हणजे?"

"निळा होतो आणि पडतो."

"नुसता चालू ठेवला तर?"

"नुसता कितीही वेळ चालतो. फिल्म बनवायला घेतली की पडतो."

पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. "म्हणजे लोडखाली पडतो, कामाचा ताण आला की. बाबा, आत धूळ किती आहे बघितलंत? तापमान किती जातं? थांबा, एक प्रोग्रॅम सांगते, तो टाका. त्याच्यात सगळं दिसतं."

त्या दिवशी फोन सदतीस मिनिटं चालला. हे मात्र मास्तरांनी पाहिलं.

"आणि एक लक्षात ठेवा," शेवटी ती म्हणाली, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही."

"हे तू मला शिकवतेस?"

ती हसली. "उद्या फोन करते. काय होतंय ते सांगा."

उद्या. सोमवार असून.

सोमवारी मास्तरांनी झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांत करड्या धुळीचे पुंजके बसले होते. मऊ ब्रशने ते झाडून काढले. फोनवर ती सांगत होती तसं प्रोसेसरवरचं गार करणारं धूड उचललं, आणि मध्ये लावलेली पेस्ट सुकून खडूसारखी झालेली दिसली. ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली.

"वाटाणा म्हणजे वाटाणाच हं बाबा, लिंबू नको."

तापमान ब्याण्णववरून अठ्ठ्याहत्तरवर आलं. कॉम्प्युटर तरीही पडला, पण आता अर्ध्या तासाऐवजी पन्नास मिनिटांनी.

मंगळवारी मेमरी तपासली. तिचा वेग मूळ आकड्यावर आणून दिवसभर चाचणी चालवली, एकही चूक निघाली नाही. म्हणजे मेमरी निर्दोष. बुधवारी प्रोसेसरचा वेग एक पायरी खाली, सेहेचाळीसवर आणला. दिवसभर चालला. पुन्हा सत्तेचाळीसवर नेला तर तासाभरात निळा.

"मग सेहेचाळीसवरच ठेवूया," खारू म्हणाली. "म्हातारा झालाय तो. नऊ वर्षं पळतोय बिचारा, चिपसुद्धा झिजते. तुम्हाला फरकही कळायचा नाही."

"सत्तेचाळीसवर चालत होता ना?"

"होता."

"मग चालायला हवा. कारण शोधू."

ती म्हणाली, "ठीक आहे. उद्या व्होल्टेज बघा. नुसता असताना किती, आणि लोडखाली किती. दोन्ही लिहून ठेवा."

बोलता बोलता दुसऱ्या गोष्टीही निघत होत्या. बोटीवरच्या स्वयंपाक्याला शिट्टी वाजवायची खोड आहे, म्हणून सगळे त्याला किटली म्हणतात. तिच्या बुटाची नाडी तेलात पडली. मास्तरांनी सांगितलं की वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी मशीन बदललंय आणि नवीन मशीनच्या आवाजाने छत घोरल्यासारखं वाटतं. हे सांगण्यासारखं आहे असं त्यांना आधी कधी वाटलं नव्हतं. ती मात्र एवढी हसली की तिला ठसका लागला.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी व्होल्टेज पाहिलं. नुसतं असताना एक पॉइंट दोन आठ. प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी लावली आणि आकडा घसरला. एक पॉइंट दोन एक.

मास्तर खुर्चीत सरळ होऊन बसले. हा दोष त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. मोकळा काटा शून्यावर अगदी बरोबर उभा राहतो, दुकानदार छाती पुढे काढून दाखवतो. वजन ठेवलं की मग काटा खरं बोलतो. म्हणून मोकळ्या काट्याला त्यांनी कधी शिक्का मारला नाही. इथेही तेच. ताण आला की यंत्राला जेवढं बळ लागतं तेवढं पोचत नव्हतं. पूर्वी त्या घसरणीत त्याचं भागत होतं, आता वयामुळे भागत नव्हतं.

खारूने डब्यात जपून ठेवलेलं मदरबोर्डचं माहितीपुस्तक त्यांनी काढलं. भिंग घेऊन दोन तास वाचलं. लोड आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं हे ठरवणारी एक सेटिंग होती, ती तीनवर होती. त्यांनी चार केली. बाकी कशालाही हात लावला नाही. चाचणी लावली. लोडखाली एक पॉइंट दोन पाच. तापमान ब्याऐंशी. एक तास. दोन तास. मास्तर जेवले ते कॉम्प्युटरकडे तोंड करून. पाच तास झाले तरी पडदा निळा झाला नाही. चाचणी थांबवून त्यांनी बारा मिनिटांची फिल्म लावली. हिरवी पट्टी अठ्ठेचाळीस ओलांडून गेली, साठ ओलांडून गेली, आणि शंभरावर जाऊन शांतपणे थांबली.

मास्तर उभे राहिले. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर त्यांनीही कोणाला तरी उचलून फिरवलं असतं.

पावणेसहा वाजले होते. ते फोनपाशी जाऊन बसले. काय सांगायचं ते मनात घोळवू लागले : सापडलं, खारू, मीच शोधलं, तीनचं चार केलं. ती म्हणेल, वा बाबा! मग म्हणेल, चला, झालं एकदाचं. मग म्हणेल, बरं, रविवारी बोलू.

फोन वाजला.

"काय म्हणतोय कॉम्प्युटर?"

"अजून बंद पडतोय," मास्तर म्हणाले.

पस्तीस वर्षांत त्यांनी एकही खोटा आकडा दिला नव्हता. एकदा एका बड्या दुकानाच्या काट्यात ऐंशी ग्रॅमचा फरक निघाला, वरच्या साहेबांनी 'जरा बघा' असं सुचवलं, आणि मास्तरांनी ऐंशी लिहिले. त्यापायी लांबच्या गावी बदली झाली. बायकोने तक्रार न करता भांडी बांधली होती. आणि आज, कोणी सुचवलेलं नसताना, त्यांनी तोंडावर खोटं सांगितलं होतं.

"व्होल्टेज किती दिसलं?" खारू विचारत होती.

"नुसतं एक पॉइंट दोन आठ. लोडखाली... दोन एक."

"हां! मग एक सेटिंग आहे, ती एक पायरी वाढवून बघा." आणि तिने तीच सेटिंग सांगितली. तेच तीनचं चार.

शुक्रवारी मास्तर म्हणाले, "केली. तरी पडला."

"किती वेळाने?"

"एक तास... दहा मिनिटांनी."

"कमाल आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती, आणि बाप अडलाय म्हटल्यावर येणारा एक उत्साहही होता. "सोडायचं नाही बाबा, आपण शोधून काढू."

आपण. त्या शब्दावर मास्तरांनी शनिवार काढला.

वहीत मात्र ते खोटं लिहू शकले नाहीत. गुरुवारची नोंद खरी होती, पुढची पानं त्यांनी कोरी ठेवली. तोंड खोटं बोलायला शिकलं, हात काही ऐकेना. कॉम्प्युटर चालूच होता. बंद करून पुन्हा चालू करायचीही त्यांना धास्ती वाटे. सकाळी ते त्याच्यासमोर बसत, तो मजेत गुणगुणत असे, आणि ते संध्याकाळसाठी आकडे जुळवत. आज पासष्ट मिनिटं. नको, काल सत्तर होती, आज पंचावन्न बरी दिसतील.

सोमवारी खारू म्हणाली, "बाबा, स्क्रीनचा एक फोटो काढून पाठवा. वेग किती दिसतोय ते मला बघू दे."

मास्तरांनी तिने सांगितलेली पडद्यावरची खिडकी उघडली, फोटो काढला आणि पाठवला. वेग सत्तेचाळीसच दिसत होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

पलीकडचा चमच्याचा आवाज थांबला.

"खारू? दिसला का?"

"दिसला," ती म्हणाली. "काल किती वेळाने पडला म्हणालात?"

"पंचावन्न मिनिटांनी."

"हं. आणि परवा?"

"परवा... सत्तर."

"बरं," ती म्हणाली. "बघते मी. विचार करायला लागेल."

त्यानंतर तिच्या सूचना जरा विचित्र येऊ लागल्या. मंगळवारी म्हणाली, टेबल खिडकीपासून हात-दीड हात लांब सरकवा, उन्हाने होत असेल. त्या खिडकीत ऊन येतच नाही हे तिला ठाऊक असायला हवं होतं. बुधवारी म्हणाली, मेमरीची चाचणी परत एकदा करा. मेमरी तर केव्हाच निर्दोष सुटली होती. मास्तर प्रत्येकाला हो म्हणत गेले. त्यांना वाटलं, पोरगी थकली असेल. फोन मात्र लांबत चालले. अगदी आईसारख्या आवाजात ती कोणाला तरी रागावली आणि मग स्वतःच दचकली, हे तिने सांगितलं. एकदा बोलता बोलता म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं," आणि मग म्हणाली, "नाही, काही नाही. तुमच्या पंख्याचा आवाज येतो का जास्त?"

गुरुवारी मास्तरांना झोपेतून उठल्यापासून करमेना. आपल्या पोरीची जेवणाची सुट्टी आपण खोट्या आकड्यांनी खातोय. वाऱ्यात शिडीवर चढून आलेली पोर, दोन घास गिळत, म्हाताऱ्याच्या धडधाकट यंत्राचा आजार शोधतेय. उद्या तिच्या डोक्यात हाच विचार असेल आणि वर चढताना पाय चुकला तर?

शुक्रवारी फोन उचलताच ते म्हणाले, "खारू, आधी माझं ऐक. कॉम्प्युटर बंद पडत नाही."

"बाबा..."

"ऐक. गेल्या आठवड्यात गुरुवारीच बरा झाला. तू सांगायच्या आधीच मी ती सेटिंग बदलली होती. तेव्हापासून एकदाही पडलेला नाही. मी तुला खोटे आकडे सांगितले. पंचावन्न, सत्तर, सगळे खोटे. का सांगितले ते विचारू नकोस."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. ती बाहेर उभी असावी.

"मला माहीत आहे," खारू म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सोमवारपासून. तुम्ही फोटो पाठवलात ना, त्यात खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर न थांबता किती वेळ चालू आहे ते. चार दिवस, सात तास. चार दिवस सलग चालू असलेला कॉम्प्युटर काल कसा पडेल, बाबा?"

पकडला गेलेला दुकानदार काट्याकडे जसा बघतो तसे मास्तर समोरच्या पडद्याकडे बघत राहिले. कोपऱ्यात आकडे सरकत होते. त्यांनी ते कधी वाचलेच नव्हते.

"मग बोलली का नाहीस?" शेवटी ते म्हणाले. "टेबल काय सरकवायला लावलंस?"

"बोलले असते तर काय झालं असतं? तुम्ही ओशाळला असतात. मग मी म्हटलं असतं, ठीक आहे, रविवारी बोलू." ती थांबली. "मलाही नको होतं ते."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि ती सेटिंग तुम्ही स्वतः शोधलीत?" तिने विचारलं. "पुस्तक वाचून?"

"भिंग घेऊन."

"मला त्या वेळी ते सापडायला आठ दिवस लागले होते."

दोघंही हसले. मास्तरांना वाटलं, सुटलो. एवढ्यात तिचं हसू मध्येच थांबलं.

"बाबा, आता माझं ऐका. मी पण खोटंच बोलत होते. म्हणजे बोलत नव्हते, सांगत नव्हते. या वर्षाच्या शेवटी मी परत येणार होते ना?"

"हो."

"कंपनीने पुढचा करार दिला. तीन वर्षांचा. नवीन चक्क्या उभ्या राहतायत, तिथे मुख्य तंत्रज्ञ म्हणून. गेल्या महिन्यात मी सही केली. रोज तुम्हाला सांगायचं ठरवायचे आणि रोज पंख्याचं विचारायचे."

वरच्या मजल्यावर काकूंचं शिवणयंत्र सुरू झालं आणि थांबलं.

"सही झाली?" मास्तरांनी विचारलं.

"झाली."

"काम आवडतं तुला?"

"खूप आवडतं. तेच तर. आवडत नसतं तर सोपं होतं."

"मग बरोबर केलंस," मास्तर म्हणाले. आवाज त्यांनी सरळ ठेवला. "सुट्टी?"

"वर्षात चार आठवडे. पहिली मिळेल ती पुढच्या उन्हाळ्यात."

"बरं."

"रागावलात?"

"नाही." मग, खोटं बोलायचं आता पुरे झालं असं वाटून ते म्हणाले, "रागावलो नाही. पण वाईट वाटलं. खूपच वाटलं. मी तुझ्या खोलीला रंग लावून घेणार होतो."

ती रडत होती की वारा होता, मास्तरांना कळलं नाही. त्यांनी फोन ठेवला नाही, तिनेही नाही. पलीकडून कोणीतरी तिला हाक मारली तेव्हा ती "जाते" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कॉम्प्युटर लावलाच नाही. चपला घालून ते बाजारात गेले. ओळखीच्या वाण्याने विचारलं, "मास्तर, मुलगी कधी येतेय?" दोन वर्षं ते 'येईल आता' म्हणत आले होते. आज म्हणाले, "तीन वर्षांनी. मुख्य तंत्रज्ञ झाली." वाणी म्हणाला, "अरे वा!" मास्तरांनी मान डोलावली आणि काहीही न घेता घरी आले. खोलीचं दार उघडून उंबऱ्यात उभे राहिले. रिकाम्या भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन होते. बराच वेळ ते त्या चौकोनांकडे बघत राहिले. मग आत गेले आणि खिडकी उघडली. खोली कोंदटली होती.

रविवारी सहाला फोन आला. जेवण, गोळी, थंडी. तिन्ही विचारून झालं. यंत्र बरं झालं होतं, करार सांगून झाला होता. धरायला काहीच नव्हतं. मास्तरांना वाटलं, आता ती 'ठेवू' म्हणेल. तिला वाटलं असेल ते म्हणतील. कोणीच म्हणालं नाही. पलीकडे तिच्या चावण्याचा आवाज येत होता आणि मास्तर तो ऐकत होते. एरवी ते म्हणाले असते, तोंड मिटून जेव.

"बाबा, आज धुकं आहे," खूप वेळाने ती म्हणाली. "बोट निघालीच नाही. दिवसभर काम नाही."

"मग बोल," मास्तर म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. मला कुठे जायचंय?"

ती म्हणाली, "गेल्या महिन्यात माझा पाय घसरला होता. वर, शिडीच्या शेवटच्या पायऱ्यांवर. सुरक्षेचा पट्टा होता, त्याने धरलं, काही लागलं नाही. पण मी तशीच लोंबकळत होते थोडा वेळ. कोणाला सांगितलं नाही मी हे. म्हणजे कामावर नोंद आहे, पण सांगितलं असं कोणाला नाही."

'सोडून दे ती नोकरी, ये परत' हे शब्द अगदी मास्तरांच्या ओठांशी आले होते. त्यांनी ते आत घेतले.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"दोन मिनिटं असतील. फार मोठी वाटली."

"काय दिसत होतं तिथून?"

"पाणी. नुसतं पाणी, बाबा. आणि माझे बूट." तिचा आवाज बारीक झाला. "आधी हात कापत होते. मग मी मोजायला लागले. तुम्ही लहानपणी इंजेक्शनच्या वेळी मोजायला लावायचात तसं. पण मोठ्याने. किटली खाली बोटीवरून ओरडत होता, काय मोजतेस म्हणून..."

ती सांगत राहिली. खोलीत अंधारायला लागलं होतं. दिव्याचं बटण दारापाशी होतं आणि चार्जिंगला लावलेल्या फोनची वायर तिथपर्यंत पोचत नव्हती. मास्तर उठले नाहीत. कान फोनला घट्ट लावून ते अंधारात बसून राहिले आणि ती जिथे थांबेल तिथे तेवढंच म्हणत राहिले, "हं. मग?"